पाण्याखालचा मंच : उंदराच्या स्थलस्मृतीची परीक्षा

स्मृती प्रत्यक्षाने कळत नाही. तिचे अनुमान करावे लागते. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे न्यायशास्त्रातले अनुमान टिकते, कारण अग्नीवाचून धूर कोठेही आढळत नाही. 'उंदीर अन्नापर्यंत बरोबर पोहोचला, त्या अर्थी त्याला अन्नाची जागा आठवत होती' हे अनुमान वरवर पाहता तसेच वाटते, परंतु त्यात एक दोष दडलेला असतो. उंदीर वासाच्या मागाने पोहोचू शकतो, भिंतीच्या कडेने चालत पोहोचू शकतो, नेहमीच्या वळणांची शरीराला जडलेली सवय त्याला तेथे नेऊ शकते किंवा तो निव्वळ योगायोगानेही पोहोचू शकतो. म्हणजे जेथे स्मृती नाही तेथेही हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, आढळतो आणि तो नैयायिकांच्या भाषेत 'सव्यभिचार' ठरतो. कृंतक प्राण्यांच्या, म्हणजे सतत वाढणाऱ्या पटाशीच्या दातांनी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, स्थलस्मृतीची परीक्षा घेण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा याच एका दोषाशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभी दोन शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'उंदीर' या एकाच शब्दात दोन वेगळ्या जाती सामावतात. प्रयोगशाळेत ज्याला 'रॅट' म्हणतात तो प्रौढ प्राणी पाव किलोहून अधिक वजनाचा असतो, तर 'माउस' जेमतेम २० ते ३० ग्रॅमचा. दोघांच्या स्वभावातही मोठे अंतर आहे आणि एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही, म्हणून येथे हेच दोन शब्द वापरले आहेत. दुसरा शब्द 'स्थलस्मृती'. एखादी वस्तू आसपासच्या इतर खुणांच्या संदर्भात कोठे आहे याची जाण आणि ती जाण टिकवून नव्या दिशेने येतानाही वापरण्याची क्षमता, असा तिचा अर्थ येथे अभिप्रेत आहे. 'डावीकडे वळ, मग उजवीकडे वळ' हा पाठ केलेला क्रम या अर्थाने स्थलस्मृती नव्हे, जरी त्याने प्राणी त्याच ठिकाणी पोहोचत असला तरी.

रॅटला भूलभुलैयात सोडण्याची कल्पना अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात विलर्ड स्मॉल यांनी रूढ केली. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांतील व्यूहाची आखणी इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेतील कुंपणांच्या भूलभुलैयावरून घेतलेली होती. बिळांतून आणि बोगद्यांतून वावरणाऱ्या प्राण्याला अरुंद वाटांचे हे जग परके वाटणार नाही, हा त्यामागचा विचार होता. त्यानंतर जॉन वॉटसन यांनी रॅटची दृष्टी, गंधज्ञान आणि मिशांचा स्पर्श यांपैकी एकेक संवेदना काढून घेतली तरी तो शिकलेली वाट धावतोच असे दाखवले, आणि १९०८ साली हार्वे कार यांच्यासह केलेल्या प्रयोगात तर वाट आखूड केल्यावर सरावलेले रॅट समोर आलेल्या भिंतीवर वेगाने जाऊन आदळले. यावरून निष्कर्ष निघाला की रॅट जे शिकतो ती स्नायूंच्या हालचालींची साखळी असते, जागेचे ज्ञान नसते. हा निष्कर्ष त्या प्रयोगापुरता योग्यच होता, कारण ज्या व्यूहात एकच ठराविक वाट पुनःपुन्हा धावायची असते तेथे जागेच्या ज्ञानाची गरजच पडत नाही. चूक झाली ती त्या व्यूहाचा गुण प्राण्याच्या माथी मारण्यात.

ही चूक बर्कली येथील एडवर्ड टोलमन यांना जाणवली. १९३० साली टोलमन आणि होन्झिक यांनी काही रॅटना दहा दिवस व्यूहात काहीही खाऊ न देता नुसते फिरू दिले आणि अकराव्या दिवशी अखेरच्या कोपऱ्यात अन्न ठेवले. पुढच्याच दिवशी त्यांच्या चुका इतक्या घटल्या की पहिल्या दिवसापासून अन्न मिळवणाऱ्या रॅटच्या ते बरोबरीला आले. शिक्षण आधीच झालेले होते, फक्त ते वापरण्याचे कारण नव्हते. १९४८ साली टोलमन यांनी या ज्ञानाला 'बोधनकाशा' असे नाव दिले, म्हणजे परिसराची प्राण्याच्या मनातील आकृती. त्यांचा १९४६ सालचा सूर्यकिरण-व्यूह आजही पाठ्यपुस्तकांत आदराने सांगितला जातो. त्यात वळणावळणाच्या एकाच वाटेने अन्नापर्यंत जायला शिकलेल्या रॅटची ती वाट बंद करून त्याच्यापुढे किरणांसारख्या पसरलेल्या अठरा नव्या वाटा ठेवल्या गेल्या, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून थोड्या अधिक रॅटनी अन्नाच्या जागेच्या दिशेने जाणारी वाट निवडली. प्रयोग मोहक आहे. परंतु शिकवणीच्या वेळी अन्नाजवळ एक दिवा लावलेला होता, आणि ज्याला नुसते दिव्याच्या रोखाने जायचे आहे त्याला मनात नकाशा बाळगावा लागत नाही. कल्पना खरी ठरली तरी तिच्यासाठी दिलेला पुरावा सव्यभिचारच राहिला, ही बाब तिच्या चाहत्यांकडून फार वेळा निसटते.

नकाशाची कल्पना पुन्हा उभी राहिली ती मेंदूच्या अंगाने. हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या कानशिलाकडील पाळीच्या आत वळलेला, समुद्रघोड्याच्या आकारावरून नाव मिळालेला भाग. १९५७ साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. अपस्मारावरील शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला गेला होता आणि त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या होत्या. १९७१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या, ज्या प्राणी एका विशिष्ट जागी आला की उद्दीपित होतात आणि तेथून हलला की शांत होतात. त्यांना 'स्थानपेशी' म्हणतात. ओकीफ आणि लिन नेडेल यांनी १९७८ सालच्या ग्रंथात हिप्पोकॅम्पस हाच टोलमनचा नकाशा असे मांडले. मात्र पेशी उद्दीपित होते याचा अर्थ प्राणी त्या माहितीचा उपयोग करतो असा होत नाही, आणि तो उपयोग तपासायचा तर वास, कडा, दिवे आणि सवयी या चारही पळवाटा एकदम बंद करणारे साधन हवे होते.

ते साधन स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रिचर्ड मॉरिस यांनी तयार केले आणि १९८१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. साधन म्हणजे एक गोल हौद, सुमारे १.३ मीटर व्यासाचा, आणि त्यात दूध मिसळून गढूळ केलेले कोमट पाणी. पाण्याच्या पृष्ठभागाखाली अवघा सेंटीमीटरभर खोल, तळहाताएवढा एक मंच बुडवलेला असतो. रॅट चांगला पोहतो, पण पाण्यात राहणे त्याला आवडत नाही, त्यामुळे उपाशी न ठेवताही त्याला शोधाचे कारण मिळते. मंच दिसत नाही, त्याला आवाज नाही, त्याचा वास पाण्यावरून येत नाही आणि आधीच्या फेरीत रॅट ज्या मार्गाने गेला त्याचा मागही पाण्यावर राहत नाही. हौद गोल असल्यामुळे कोपरा नाही. प्रत्येक फेरीत रॅटला काठावरच्या वेगळ्या ठिकाणाहून, तोंड भिंतीकडे करून सोडले जाते, म्हणून ठराविक वळणांचा क्रमही निरुपयोगी ठरतो. खोलीतील खिडकी, दार, कपाट, भिंतीवरचे चित्र अशा दूरच्या खुणा तेवढ्या स्थिर राहतात, आणि त्यांच्या परस्परसंबंधांवरून मंचाची जागा ठरवणे एवढाच मार्ग रॅटपुढे उरतो. शास्त्रीय उपकरण म्हणजे गुंतागुंतीचे यंत्र अशी समजूत असलेल्याला हा हौद फार साधा वाटेल. परंतु त्याच्या प्रत्येक अंगाने एकेका आक्षेपाला उत्तर दिलेले आहे, आणि या साधेपणातच त्याचे सौंदर्य आहे.

मॉरिस यांनी रॅटचे गट पाडले. काहींसाठी मंच लपलेला पण एकाच जागी होता, काहींसाठी तो लपलेला आणि प्रत्येक फेरीत हलवलेला, तर काहींसाठी पाण्याच्या वर डोकावणारा, म्हणजे दिसणारा होता. एकाच जागी लपलेला मंच असलेले रॅट थोड्याच फेऱ्यांत सरळ रेषेत पोहू लागले. ज्यांच्यासाठी मंच लपलेला असून फिरता होता त्यांना ते कधीच साधले नाही, आणि त्यांच्या अपयशामुळेच मंचाचा काही गुप्त सुगावा लागत असावा ही शंका मिटली. नेहमी एकाच बाजूने सोडलेले रॅट पूर्वी कधीही न अनुभवलेल्या बाजूने सोडल्यावरही लगेच मंचाकडे वळले, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट; वॉटसनच्या साखळीने हे घडले नसते. अखेरची कसोटी म्हणजे मंच काढून टाकून रॅटला साधारण ६० सेकंद पोहू द्यायचे. हौदाचे मनाने चार समान भाग केले, तर निरुद्देश पोहणाऱ्याचा एक चतुर्थांश वेळ प्रत्येक भागात जाईल. जागा आठवणारा रॅट मात्र जेथे मंच असायचा त्या भागात रेंगाळतो आणि त्या नेमक्या जागेवरून पुनःपुन्हा फेऱ्या मारतो. तेथे काहीच नसताना त्याने तेथेच शोधावे, यापेक्षा स्मृतीची स्वच्छ खूण क्वचितच मिळते.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, मॉरिस, गॅरुड, रॉलिन्स आणि ओकीफ यांनी हिप्पोकॅम्पसला इजा केलेल्या रॅटवर हीच कसोटी लावली. लपलेला मंच त्यांना नीट सापडेना, पण दिसणाऱ्या मंचाकडे ते इतरांसारखेच पोहत गेले. या दुसऱ्या निरीक्षणावाचून पहिल्याला अर्थ नव्हता. ज्याला मंच दिसत असताना गाठता येतो त्याचे डोळे, पाय आणि बाहेर पडण्याची इच्छा शाबूत आहेत, असे मानायला जागा होते, आणि मग लपलेल्या मंचावरचे अपयश स्मृतीकडे बोट दाखवते. याच रॅटनी संशोधकांना आणखी एक धडा दिला. पुष्कळ सराव झाल्यावर हिप्पोकॅम्पस नसलेला रॅटही मंच लवकर गाठू लागतो, कारण भिंतीपासून ठराविक अंतर राखून गोल गोल पोहत राहिले की मंच कधीतरी लागतोच. पोहोचायला लागलेला वेळ घटला, पण जागा कळली नाही. तेव्हापासून केवळ वेळ मोजणाऱ्या अहवालावर जाणकार विश्वास ठेवत नाहीत. वरून कॅमेऱ्याने टिपलेला मार्ग, त्याची लांबी, पोहण्याचा वेग, आणि मिशेला गॅलाघर यांच्या गटाने १९९३ साली सुचवल्याप्रमाणे प्राण्याचे मंचाच्या जागेपासूनचे सरासरी अंतर, या सर्वांचा विचार करावा लागतो.

कोरड्या जमिनीवरची दोन साधनेही याच काळातली आहेत. डेव्हिड ओल्टन आणि रॉबर्ट सॅम्युअलसन यांनी १९७६ साली वर्णन केलेल्या आरे-व्यूहात मधल्या चौकातून आठ वाटा निघतात, प्रत्येकीच्या टोकाला अन्नाचा कण असतो, आणि एकदा रिकामी केलेली वाट पुन्हा न धुंडाळणे हे रॅटचे काम असते. वासावरून वाट ओळखली जात असेल ही शंका मिटवण्यासाठी त्यांनी व्यूहात दाढीनंतर लावायचे सुगंधी द्रव्य ओतूनही पाहिले. कॅरोल बार्न्स यांनी १९७९ साली वृद्ध रॅटसाठी काठाभोवती भोके असलेली, प्रखर उजेडात ठेवलेली गोल पीठिका वापरली, जिच्या एकाच भोकाखाली अंधारे आश्रयस्थान असते. तिला पोहणे लागत नाही, म्हणून थकलेल्या शरीराच्या प्राण्यासाठी ती अधिक न्याय्य आहे.

सवय आणि स्थलस्मृती यांचा वाद सोडवणारा सर्वांत देखणा प्रयोग मात्र १९९६ सालचा, मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅकगॉ यांचा आहे. अधिक चिन्हाच्या आकाराच्या व्यूहात रॅटला रोज एकाच टोकाकडून सोडून एका ठराविक बाजूच्या अन्नाकडे वळायला शिकवले. आठव्या दिवशी त्याला समोरच्या टोकाकडून सोडले, तेव्हा बहुतेक रॅट अन्नाच्या खऱ्या जागेकडे गेले, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूला वळले. सोळाव्या दिवशी, सराव अंगवळणी पडल्यावर, बहुतेकांनी नेहमीचेच वळण घेतले आणि ते चुकीच्या टोकाला पोहोचले. मराठीत ज्याला पायाखालची वाट म्हणतात ती हीच. यानंतर त्यांनी लिडोकेन हे बधिर करणारे औषध मेंदूत सोडून एकेक भाग तात्पुरता निद्रिस्त केला. आठव्या दिवशी हिप्पोकॅम्पस बधिर केला तर जागेची निवड नाहीशी झाली. सोळाव्या दिवशी सवयींशी निगडित असलेला पुच्छकेंद्रक हा भाग बधिर केला तर सवय गेली, पण रॅट गोंधळला नाही. तो पुन्हा अन्नाच्या जागेकडे जाऊ लागला. नकाशा पुसला गेलेला नव्हता, त्यावर सवयीचा थर चढला होता. वॉटसन आणि टोलमन या दोघांचेही म्हणणे एकाच प्राण्यात, आठ दिवसांच्या अंतराने, खरे ठरले.

रेणूंच्या पातळीवर उतरल्यावरही जुना दोष पाठ सोडत नाही. चेतापेशींमधील जोड वारंवार उद्दीपनाने दीर्घकाळ बळकट होतात, हे टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ साली दाखवले होते, आणि त्यासाठी एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर रासायनिक संदेश स्वीकारणारे रेणू, लागतात असे पुढे समजले. १९८६ साली मॉरिस आणि सहकाऱ्यांनी हे ग्राही रोखणारे एपी-५ हे द्रव्य मेंदूत सोडले, तेव्हा रॅट मंचाची जागा शिकू शकले नाहीत. जोडांची बळकटी म्हणजेच स्मृती, असा डंका वाजायला एवढे पुरेसे होते. परंतु १९९५ साली दोन स्वतंत्र गटांनी, एकात मॉरिस स्वतः होते, दाखवले की ज्या रॅटना आधी हौदाचा सराव होता त्यांना हे ग्राही रोखलेले असतानाही मंचाची जागा शिकता आली. मग आधीच्या प्रयोगात बिघडली होती ती स्मृती, की हौद म्हणजे काय आणि त्यात काय करायचे असते हे समजण्याची क्षमता? आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला आव्हान देणाऱ्या लेखावर नाव असणे ही शास्त्रज्ञाच्या सचोटीची खूण आहे आणि तिचा उल्लेख आदरानेच केला पाहिजे. पुढे १९९९ साली स्टील आणि मॉरिस यांनी मंचाची जागा रोज बदलून पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतील अंतर वाढवत नेले. १५ सेकंदांच्या अंतराने एपी-५ दिलेला रॅट जागा बरोबर सांगे, २० मिनिटांनी किंवा २ तासांनी मात्र ती हरवलेली असे. पोहणे, पाहणे, हौदाचे नियम समजणे हे सर्व अबाधित असताना केवळ मधला काळ वाढल्याने उणीव उघडी पडावी, हा पुरावा त्यामुळेच अधिक भक्कम आहे.

जनुकांत फेरफार केलेले माउस उपलब्ध झाल्यापासून हा हौद त्यांच्यासाठी सर्रास वापरला जातो, आणि येथे जातीचा भेद आडवा येतो. इयन व्हिशॉ आणि टोमी यांनी १९९६ साली दाखवले की कोरड्या व्यूहात रॅटच्या तोडीस तोड असणारा माउस पाण्यात मात्र मागे पडतो. काही माउस पोहण्याऐवजी नुसते तरंगत राहतात, काही भिंतीला चिकटून फिरतात. लहान शरीराची उष्णता पाण्यात लवकर निघून जाते. त्याहून गंभीर बाब म्हणजे सी-३-एच आणि एफव्हीबी-एन या प्रचलित वंशांच्या माउसमध्ये दृष्टिपटल क्षीण करणारे जनुक असते आणि ते लहान वयातच आंधळे होतात. अशा वंशाशी संकर झालेल्या पिलांत 'विसराळू' ठरलेले पिलू प्रत्यक्षात खिडकी न दिसणारे पिलू असू शकते.

भारतात अशा प्रयोगांवर १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे आणि त्याखालील १९९८ सालच्या नियमांचे नियंत्रण आहे; प्रत्येक संस्थेच्या नीती समितीला प्राण्यांची संख्या आणि तिचे कारण पटवावे लागते. हौदातील प्राण्याला दिलेला ताण हा त्याच्या हितापुरताच प्रश्न नाही, कारण ताणाने स्रवणारी संप्रेरके हिप्पोकॅम्पसवरच परिणाम करतात; थंड पाणी, घाईत उचलणे, फेरीनंतर अंग कोरडे न करणे यांनी प्राण्याचे हाल होतात आणि आकडाही नासतो.

महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधांसाठी हीच कसोटी फार वापरली जाते, बहुधा बुद्धिवर्धक मानलेल्या वनस्पतींच्या अर्कांसाठी. त्यांतील 'ब्राह्मी' या नावाखाली बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, या दोन अगदी निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात, त्यामुळे कोणती वापरली हे शास्त्रीय नावानेच सांगायला हवे. पण खरा प्रश्न अर्काच्या आधीच उद्भवतो. स्मृतिभ्रंश घडवण्यासाठी प्राण्याला स्कोपोलामिन देण्याची प्रथा आहे. धोतऱ्यात असणारे हे द्रव्य अॅसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहकाचे मस्करिनी ग्राही अडवते. ते मेंदूत जसे काम करते तसेच शरीरातही करते : बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, हालचालीची लय बदलते. म्हणून काटेकोर प्रयोगात मेथिलस्कोपोलामिन दिलेला तुलनागट ठेवतात, कारण ते शरीरावर सारखाच परिणाम करते पण मेंदूत फारसे शिरत नाही. असा गट नसेल, दिसणाऱ्या मंचाच्या फेऱ्यांचे आणि पोहण्याच्या वेगाचे आकडे नसतील, आणि तक्त्यात केवळ मंच गाठायला लागलेले सेकंद असतील, तर विस्फारलेल्या बाहुल्यांच्या त्या प्राण्याला मंचाची जागा आठवली नाही की खोलीच्या भिंतीवरच्या खुणाच धूसर झाल्या होत्या, हे तो तक्ता कितीही वेळा वाचून ठरवता येत नाही.